‘आणखी काय सोडायचे?’ : वंध्यत्व, सवयी आणि तीन शतकांचा शोध

शिक्षकांच्या शिबिरात व्याख्यान संपल्यावर आम्ही प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागतो. उभे राहून विचारायला अनेकांना संकोच वाटतो. विषय प्रजननाचा असेल तर अधिकच. अशा एका शिबिरात आलेली एक चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. तिच्यावर नाव नव्हते. मजकूर साधारण असा होता : “लग्नाला चार वर्षे झाली. चहा सोडला, आंबट सोडले, पपई सोडली, सायकल सोडली. सासूबाई म्हणतात, नोकरीही सोड. माझ्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत. आणखी काय सोडायचे?”

यजमानांच्या तपासणीविषयी चिठ्ठीत एक अक्षरही नव्हते.

त्या दिवशी आम्ही घाईघाईने चार वाक्यांत उत्तर दिले. ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. कारण या प्रश्नात खरे दोन प्रश्न दडलेले आहेत. कोणत्या सवयींचा मूल होण्याशी खरोखर संबंध आहे, हा पहिला. आणि सवयी बदलायच्या त्या कोणी, हा दुसरा. विज्ञानाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम मिळालेली नाहीत. वाटेत मोठमोठ्या चुका झाल्या. त्या चुकांचा इतिहास पाहिला की आज जे सल्ले कानावर पडतात त्यांतले धान्य कोणते आणि फोल कोणते, हे निवडणे सोपे जाते.

लीवेनहूकची पिशवी आणि स्पालान्झानीच्या चड्ड्या

सुरुवात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी होते. १६७७ साली योहान हाम नावाचा एक तरुण विद्यार्थी कापडाचा व्यापारी असलेल्या आंतोनी फान लीवेनहूककडे एका रोग्याचे वीर्य घेऊन आला. त्यात हलणारे सूक्ष्म जीव दिसतात, असे त्याचे म्हणणे होते. लीवेनहूकने स्वतः घडवलेल्या भिंगातून ते पाहिले. मग निरोगी पुरुषाचे वीर्य पाहिले. तिथेही तेच शेपटीवाले जीव वळवळत होते. त्याच वर्षी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने हे कळवले. मानवी शुक्रजंतूची ही पहिली नोंद होय.

शुक्रजंतू दिसला, पण त्याचे काम काय? पुढची दोनशे वर्षे याचे उत्तर मिळाले नाही. काहींना वाटले, त्याच्या डोक्यात आख्खा छोटा माणूस दुमडून बसलेला असतो आणि स्त्री ही केवळ शेत. काहींना वाटले, सगळे काही स्त्रीच्या बीजात असते आणि शुक्रजंतू हे वीर्यातले बांडगूळ आहेत. अठराव्या शतकात इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी या धर्मगुरू शास्त्रज्ञाने बेडकांच्या नरांना मेणकापडाच्या छोट्या चड्ड्या घालून मीलन होऊ दिले. मादीची अंडी तशीच राहिली, फळली नाहीत. चड्डीत सापडलेल्या द्रवाचे थेंब अंड्यांवर टाकले तेव्हा मात्र त्यांतून बेडूकमासे निघाले. इतका सुंदर प्रयोग करूनही शुक्रजंतू गरजेचे नाहीत, या मतावर स्पालान्झानी ठाम राहिला. प्रयोग उत्तम असला तरी डोक्यातली समजूत निष्कर्षाच्या आड येऊ शकते, याचे हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

१८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने कुत्रीच्या बीजकोशात सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज पाहिले. १८७६ साली ऑस्कर हेर्टविग याने समुद्री साळूच्या अंड्यात दोन केंद्रकांचे मीलन होते, असे दाखवून दिले. म्हणजे मूल होण्यात आईचा आणि बापाचा पेशीच्या पातळीवर सारखाच वाटा असतो, हे जेमतेम दीडशे वर्षांपूर्वी पक्के झाले.

प्रयोगशाळेत पक्के झालेले सत्य दवाखान्यात पोचायला आणखी वेळ लागला. वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय स्त्रीला वांझ ठरवू नये, या अर्थाचे विचार अमेरिकन शल्यविशारद जे. मॅरिअन सिम्स याने १८६६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. (हाच सिम्स गुलाम स्त्रियांवर भूल न देता केलेल्या शस्त्रक्रियांसाठीही ओळखला जातो, इतिहासात ही दोन्ही पाने शेजारी आहेत.) त्याच्या या तपासण्या अनेकांना असभ्य वाटल्या. वीर्यातल्या शुक्रजंतूंची पद्धतशीर मोजणी करून तिचा जननक्षमतेशी संबंध जोडणारा मॅकोम्बर आणि सँडर्स यांचा निबंध आला तो १९२९ साली. आज आपल्याला माहीत आहे की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने हजर असते. वीर्यतपासणी ही या साऱ्या तपासण्यांतली सर्वांत सोपी, स्वस्त आणि बिनत्रासाची. तरीही ती अनेक घरांत सर्वांत शेवटी होते. आमच्या चिठ्ठीतल्या बाईंच्या घरी ती झालीच नव्हती, असे मानायला जागा आहे.

चुकीचे दिवस

आता सवयींकडे वळू. पहिली सवय म्हणजे वेळेची. कोणत्या दिवसांत गर्भ राहतो?

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांचे उत्तर होते : पाळीच्या आगेमागे. पाळीच्या मधले दिवस त्यांना ‘निर्धोक’ वाटत. हा निष्कर्ष त्यांनी काढला तो कुत्रीवरून. कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्तस्राव होतो आणि त्याच सुमारास तिचे बीज बाहेर पडते. बिशॉफ, पूशे अशा संशोधकांनी १८४०च्या दशकात या निरीक्षणांवर भर दिला, आणि स्त्रीची पाळी म्हणजे तसाच माज, असे समीकरण रूढ झाले. वस्तुतः दोन्ही रक्तस्रावांची कारणे अगदी वेगळी आहेत. कुत्रीचा स्राव बीज बाहेर पडण्याच्या तयारीचा असतो. स्त्रीची पाळी ही गर्भ न राहिल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडण्याची खूण असते. त्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षे डॉक्टर मूल हवे असलेल्यांना नेमके चुकीचे दिवस सांगत राहिले, आणि मूल नको असलेल्यांनाही.

आपल्याकडे मनुस्मृतीत ऋतुकाळ सोळा रात्रींचा धरला आहे आणि त्यातल्या पहिल्या चार रात्री वर्ज्य सांगितल्या आहेत. नियमित पाळी असणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या सोळा रात्रींत खरे फलनक्षम दिवस बहुधा येऊन जातात. पण तिथेच सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी असेही सांगितले आहे. त्याला कसलाही आधार नाही. मुलाचे लिंग शुक्रजंतूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्राने ठरते. लिंग गुणसूत्रांवरून ठरते, हे नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठातल्या किड्यांवरील अभ्यासातून दाखवले. जुन्या ग्रंथातले एक निरीक्षण बरोबर निघाले म्हणून दुसरे आपोआप बरोबर ठरत नाही.

खरे दिवस शोधले जपानमधल्या निगाता शहरातल्या क्यूसाकू ओगिनो या स्त्रीरोगतज्ज्ञाने. इतर कारणांसाठी पोटाची शस्त्रक्रिया करताना तो प्रत्येक रुग्णाचा बीजकोश बारकाईने पाही आणि तिच्या पाळीच्या तारखा नोंदवून ठेवी. पाळी किती दिवसांनी येते, हे स्त्रीगणिक बदलते. पण बीज बाहेर पडणे, म्हणजे पाठ्यपुस्तकातले अंडमोचन, आणि पुढची पाळी यांतले अंतर फारसे बदलत नाही. ते १२ ते १६ दिवसांचे असते. म्हणजे दिवस मोजायचे ते मागच्या पाळीपासून पुढे नव्हे, तर पुढच्या पाळीपासून मागे. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटते; पस्तीस दिवसांनी येणाऱ्या स्त्रीचे एकविसाव्या दिवसाच्या सुमारास. ओगिनोचा निबंध १९२४ साली जपानीत प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियातला हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला १९२९ च्या सुमारास पोचला.

ओगिनोचा हेतू होता मूल हवे असलेल्यांना मदत करण्याचा. जगाने त्याची पद्धत उचलली ती गर्भ टाळण्यासाठी, आणि ते त्याला पसंत नव्हते. त्या कामासाठी ती भरवशाची नाही, हे तो सांगत राहिला. याच काळात इकडे मुंबईत गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमन केंद्र सुरू केले होते आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. मूल नको असो की हवे असो, लागणारे शरीरशास्त्र एकच. ते मोकळेपणाने मराठीत सांगितले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही जुना झालेला नाही.

या विषयातले निर्णायक मोजमाप अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात झाले. ॲलन विल्कॉक्स, क्लॅरिस वाइनबर्ग आणि डॉना बेअर्ड यांनी मूल हवे असलेल्या २२१ निरोगी स्त्रियांना रोज लघवीचा नमुना ठेवायला आणि रोजनिशी लिहायला सांगितले. लघवीतल्या संप्रेरकांवरून प्रत्येकीचा बीज सुटण्याचा दिवस ठरवला. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गर्भ राहिला तो फक्त सहा दिवसांतल्या संबंधांतून; बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्यानंतरच्या दिवशी एकही नाही. कारण सोपे आहे. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतो, पण सुटलेले बीज एक दिवसही टिकत नाही. पती परगावी नोकरीला आणि महिन्यातून एकदाच दोन दिवस घरी, अशी कितीतरी जोडपी आपल्या आसपास असतात. त्यांच्या बाबतीत दोष दोघांच्याही शरीरात नसून एस.टी.च्या वेळापत्रकात असू शकतो!

उष्णता आणि सबुरी

सस्तन प्राण्यांपैकी बहुतेकांत वृषण शरीराबाहेर लोंबत्या पिशवीत का असतात? इतका महत्त्वाचा अवयव असा उघड्यावर का? १९२०च्या दशकात शिकागो विद्यापीठातल्या कार्ल मूर याने याचे उत्तर प्रयोगाने दिले. गिनीपिगचे वृषण त्याने शस्त्रक्रियेने पोटात सरकवले. शुक्रजंतू तयार करणारा थर नष्ट होऊ लागला. मेंढ्याच्या वृषणकोशाभोवती उबदार आवरण बांधले, तरी तोच परिणाम. म्हणजे वृषणकोश हे तापमान राखणारे यंत्र आहे. शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान त्याला लागते. १९४१ साली मॅक्लाऊड आणि हॉचकिस यांनी माणसांवर पाहिले की शरीराचे तापमान कृत्रिमरीत्या काही काळ चढवले तर काही आठवड्यांनी शुक्रजंतूंची संख्या घसरते. भारतात काम केलेल्या मार्था व्होगेली या स्विस डॉक्टरीणबाईंनी तर याचा उपयोग उलट्या दिशेने करून पाहिला. पुरुषाने सलग तीन आठवडे रोज पाऊण तास बऱ्याच गरम पाण्यात बसावे, म्हणजे काही महिने गर्भधारणा टळते, अशी त्यांची पद्धत होती. ती रूढ झाली नाही, पण उष्णतेचे बळ तिने दाखवले.

इथे ‘काही आठवड्यांनी’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. १९६३-६४ च्या सुमारास हेलर आणि क्लेर्माँ यांनी किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने माणसातला शुक्रजंतू घडायला लागणारा काळ मोजला. तो सुमारे ७४ दिवसांचा आहे. पुढे नळीतून परिपक्व होत बाहेर यायला आणखी एक-दोन आठवडे. म्हणून आज आलेला ताप तीन महिन्यांपर्यंत वीर्यतपासणीत दिसू शकतो. आणि आज सोडलेल्या तंबाखूचा फायदाही तेवढ्याच काळाने दिसतो. महिनाभर पथ्य पाळून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्याला हा आकडा सांगितला पाहिजे.

मग घट्ट कपड्यांचे काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ६५६ पुरुषांच्या पाहणीत सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांत शुक्रजंतूंची तीव्रता घट्ट वापरणाऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त आढळली. परंतु दोन्ही गटांची सरासरी सर्वसामान्य मर्यादेतच होती. म्हणजे काठावर असलेल्याला सैल कपडे फायद्याचे. इतरांना फरक नगण्य. भट्टीसमोर उभा राहणारा बेकरी कामगार, ओतशाळेतला कामगार, इंजिनाच्या उष्णतेवर दिवसभर बसणारा चालक यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्यांनी उष्णता ‘सवय’ म्हणून निवडलेली नसते.

ताटातले गणित

१८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला. तिथल्या जन्ममृत्यूच्या नोंदींचा अभ्यास टिम डायसन या ब्रिटिश लोकसंख्याशास्त्रज्ञाने केला आहे. दुष्काळात मृत्यू वाढतात हे उघड आहे. पण नऊ महिन्यांच्या अंतराने जन्मही घसरतात, हे दक्षिण आशियातल्या दुष्काळांत त्याला पुन्हा पुन्हा दिसले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे शहरांत दर माणशी हजार उष्मांकांहूनही कमी अन्न मिळू लागले, तेव्हा नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. अन्न परत मिळू लागले, तसे जन्मही परत वाढले.

यामागची यंत्रणा शोधताना अमेरिकेतल्या रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी १९७४ साली मत मांडले की पाळी सुरू राहण्यासाठी अंगात किमान चरबी लागते. खडतर सराव करणाऱ्या धावपटू आणि नर्तिकांची पाळी का थांबते, याचा त्यातून उलगडा होत होता. पुढे असे दिसले की चरबीचा ठरावीक आकडा हे खरे कारण नसून रोजची ऊर्जेची जमाखर्चवही हे आहे. आत येणारी ऊर्जा आणि खर्च होणारी ऊर्जा यांचा मेळ बसला नाही, तर मेंदूतला अधश्चेतक भाग पियुषिका ग्रंथीला दिले जाणारे संदेश मंदावतो आणि बीज सुटणे थांबते. १९९४ साली लेप्टिन या चरबीपेशींतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या साठ्याची बातमी मेंदूला कशी पोचते, ते त्यातून कळले.

दुसरे टोक अतिवजनाचे. तिथेही बीज सुटण्याची लय बिघडते, पुरुषाच्या संप्रेरकांचा तोलही ढळतो. लठ्ठपणामुळे पाळी अनियमित झालेल्या स्त्रीने वजनाच्या पाच ते दहा टक्के इतकेच वजन कमी केले तरी अनेकदा बीज पुन्हा सुटू लागते. म्हणून एकीकडे कडक उपास आणि दुसरीकडे ‘खाऊन-पिऊन सुदृढ हो’ हे दोन्ही सल्ले वजन न पाहता दिले तर घातक ठरतात.

आपल्या चिठ्ठीत सगळ्या ‘सोडायच्या’ गोष्टी होत्या. एक ‘धरायची’ गोष्टही सांगितली पाहिजे, आणि तिचा उगम मुंबईतला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीकामगार कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका प्रकारच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९९१ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले की ज्यांच्या आधीच्या बाळाला मज्जारज्जूचे व्यंग होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतले तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. हे व्यंग गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे दिवस गेल्याची खात्री होण्याच्या सुमारासच, घडून गेलेले असते. म्हणून गोळी आधी सुरू करायची. पपई सोडण्याने यातले काहीच साधत नाही.

धूर, चहा आणि एक छोटे गणित

एखादी सवय मूल होणे लांबवते की नाही, हे मोजायचे कसे? बेअर्ड आणि विल्कॉक्स यांनी एक सोपी मोजपट्टी वापरली. गरोदर स्त्रियांना विचारायचे : प्रयत्न सुरू केल्यापासून किती महिन्यांनी दिवस गेले? १९८५ साली त्यांनी ६७८ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची दर महिन्याची गर्भधारणेची शक्यता न करणाऱ्यांच्या ७२ टक्के होती. एक वर्षापेक्षा जास्त वेळ लागण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात ३.४ पट होते.

हे दोन आकडे विसंगत वाटतात. अठ्ठावीस टक्क्यांची घट तिपटीहून जास्त कशी झाली? वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखे हे गणित आहे. समजा, दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता ०.२५ आहे. मग न राहण्याची ०.७५. बारा महिने सतत न राहण्याची शक्यता ०.७५ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ०.०३. शंभरांत तीन जोडपी. आता ०.२५ चे ७२ टक्के म्हणजे ०.१८. न राहण्याची शक्यता ०.८२. तिचा बारावा घात सुमारे ०.०९. शंभरांत नऊ जोडपी. महिन्याकाठचा लहान फरक वर्षाकाठी तिप्पट होतो. (प्रत्यक्षात सर्व जोडप्यांची शक्यता सारखी नसते, त्यामुळे वर्षभरात दिवस न जाणारी जोडपी शंभरांत पंधरा-वीस असतात, पण गणिताचा गाभा हाच.) याच गणितात दुसराही बोध आहे. धूम्रपान करणाऱ्यांतही बहुतेकांना वर्षात मूल राहते. ‘आमचे आजोबा विड्या ओढत, त्यांना आठ मुले झाली’ हा युक्तिवाद म्हणूनच काही सिद्ध करत नाही.

आपल्याकडे स्त्रिया सिगारेट क्वचित ओढतात. पण मिश्री, तपकीर आणि तंबाखूची गोळी खेड्यापाड्यांत चालते. निकोटिन हिरडीतूनही रक्तात जाते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. शाळेच्या कुंपणाबाहेर ती किती पाळली जाते, हे शिक्षकांना सांगायला नको. पुरुषाच्या तंबाखूने शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल घटते, आणि अतिमद्यपानाने पुरुष-संप्रेरकही कमी होते. व्यायामशाळांत शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने तर शुक्रजंतू तयार होणे जवळजवळ बंदच पाडू शकतात, कारण बाहेरून संप्रेरक मिळाले की पियुषिका ग्रंथी आपले संदेश थांबवते. बाहेरून पिळदार दिसणाऱ्या तरुणाला याची कल्पनाही नसते.

आणि चहा? १९८८ साली याच विल्कॉक्स गटाने १०४ स्त्रियांच्या अभ्यासातून सांगितले की दिवसाला एका कप कॉफीइतक्यापेक्षा जास्त कॅफिन घेणाऱ्यांची दरमहा शक्यता निम्मी होते. मोठी बातमी झाली. पण नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम एकसारखा दिसला नाही. जास्त कॉफी पिणारी माणसे सिगारेटही जास्त ओढतात, रात्रपाळीही करतात. परिणाम कुणाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. आज दिवसाला दोन कप साध्या चहाने मूल राहणे अडते, असे म्हणायला आधार नाही.

‘मनावर ताण घेऊ नकोस, म्हणजे होईल’ हा सल्लाही असाच. २०११ साली जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या ३,५८३ स्त्रियांवरील १४ अभ्यास एकत्र तपासले. उपचारापूर्वीचा मानसिक ताण आणि उपचाराचे यश यांचा संबंध दिसला नाही. ताण हलका करावा तो त्या स्त्रीला बरे वाटावे म्हणून. ‘तूच ताण घेतेस म्हणून होत नाही’ हे मात्र जखमेवर मीठ आहे.

लॅथ्रॉपचे कामगार

१९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप येथील कीटकनाशकांच्या कारखान्यात एका विभागातल्या कामगारांच्या आपापसांतल्या बोलण्यातून लक्षात आले की त्यांच्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेले नाही. त्यांच्या बायका वेगवेगळ्या, सवयी वेगवेगळ्या, घरे वेगवेगळी. समान होते ते एकच : डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाशी रोजचा संपर्क. डॉ. डोनाल्ड व्हॉर्टन यांनी वीर्य तपासले. तीन वर्षे किंवा अधिक काम केलेल्यांत शुक्रजंतू जवळजवळ नव्हते. तीन महिन्यांहून कमी काम केलेल्यांत ते भरपूर होते. या रसायनाने उंदरांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ सालीच प्रसिद्ध झाले होते. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याचे बहुतेक उपयोग बंद झाले. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांत मात्र त्यानेच हजारो मजुरांचे नुकसान केले.

ही घटना सवयींच्या चर्चेत आम्ही मुद्दाम आणली आहे. या कामगारांना कुणी लंगोट बदलायला किंवा चहा सोडायला सांगितले असते तर काय झाले असते? कारण हवेत आणि हातमोज्यांवर होते. १९९२ साली एलिझाबेथ कार्लसन, नील्स स्काकेबेक आणि सहकाऱ्यांनी ६१ अभ्यासांवरून दाखवले की १९४० ते १९९० या काळात शुक्रजंतूंची सरासरी दर मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आली. २०१७ च्या मोठ्या फेरआढाव्यातही पाश्चात्त्य देशांत घट दिसली. मोजण्याच्या पद्धती बदलल्या म्हणून हे दिसते, की रसायने, लठ्ठपणा, धूर यांमुळे, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद सुरू आहे. उत्तर काहीही निघो, ते एकट्या घराच्या स्वयंपाकघरात सापडणार नाही.

चिठ्ठीचे उत्तर

आज ती चिठ्ठी पुन्हा आली तर आम्ही असे उत्तर देऊ. चहा, आंबट, सायकल आणि नोकरी यांपैकी काहीही सोडण्याची गरज नाही. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर दोघांनी सोडावी; दारू आटोक्यात नव्हे, शक्यतो बंदच करावी. वजन फार कमी किंवा फार जास्त असेल तर सावकाश सुधारावे. पुढच्या पाळीपासून मागे मोजून सहा दिवस ओळखावेत. फोलिक आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करावी. बदलाला तीन महिने द्यावेत. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, किंवा स्त्रीचे वय पस्तीसच्या वर असून सहा महिने गेले, तर दोघांनी एकाच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि तुमच्या बाबतीत चार वर्षे झाली आहेत, तेव्हा पहिली चाचणी यजमानांच्या वीर्याची व्हावी. सर्व सवयी उत्तम असूनही मूल न होणारी जोडपी असतात. तिथे वय, बीजनलिकांचे अडथळे, गुणसूत्रे अशी कारणे असतात. पथ्य कमी पडले, असा त्याचा अर्थ नाही.

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. बऱ्याच शाळांत तो ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो. तो शिकवताना स्पालान्झानीचे बेडूक सांगावेत, ०.७५ चा बारावा घात फळ्यावर काढावा, आणि बाळासाठी दोन पेशी लागतात हे हेर्टविगचे निरीक्षण मुलांना आकृतीसह वहीत उतरवायला लावावे. वर्गातल्या मुलग्यांनी ते पंधराव्या वर्षी उतरवले असेल, तर दहा-बारा वर्षांनी त्यांच्यापैकी कुणाच्या घरी तपासणीची वेळ आली, तेव्हा ते स्वतःच आधी उठून जातील.